पणजीची फोंत फिनिक्स: मुलांना घेऊन एका जुन्या झरीवर

मांडवीकाठ

फोंताईनसला रोज माणसांचे लोंढे येतात, पिवळ्या-निळ्या भिंतींपुढे उभं राहून फोटो काढतात आणि ज्या झरीमुळे या वाड्याला नाव पडलं ती न बघताच परत जातात. मला याची फार चुटपुट लागते, म्हणून हा धागा काढतेय.

झर म्हणजे फोंत फिनिक्स. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात बांधून काढलेली. आल्तिनो टेकडीच्या पायथ्याशी, मळ्यात, मारुतीच्या देवळाच्या बाजूला. ओपाच्या जलप्रकल्पाचं पाणी नळाने घरोघर पोचायच्या आधी पणजीकरांची तहान अशा झरींनी आणि घरच्या विहिरींनी भागवली.

नाताळच्या सुट्टीत पुण्याहून भाऊ-वहिनी आणि दोन्ही भाचरं आली होती. आईही बरोबर होती. भाऊ म्हणाला, "ताई, किनारे दरवर्षीच बघतो, यंदा तू ने तिथे येतो." मग मी सगळ्यांना सकाळी लवकर पणजीत आणलं. पाटोला गाडी लावली, खाडीवरचा पूल पायी ओलांडला आणि रुआ द ओरेमवरून आत शिरलो. घरांना अजून नाताळची नखेत्रं लटकत होती. पोदेर (पाववाला) सायकलवरून भोंगा वाजवत पोळी-उंडे देत चालला होता. वहिनीने तिथेच गरम पोळ्या घेतल्या आणि मुलांनी त्या चालता चालता संपवल्या.

सेंट सेबॅस्टियन चॅपेल उघडं होतं. आतला क्रूस मुद्दाम बघण्यासारखा आहे. त्यावरच्या येशूचे डोळे उघडे आहेत आणि मान ताठ आहे. हा क्रूस आधी जुन्या गोव्यातल्या इन्क्विझिशनच्या (पोर्तुगीजांच्या धर्मन्यायालयाच्या) वाड्यात होता, तिथून पणजीच्या आदिलशाही वाड्यात आला आणि १९१८ मध्ये या चॅपेलात. इन्क्विझिशनच्या दालनात जो माणूस पुढ्यात उभा केला जाई त्याच्याकडे हे डोळे रोखलेले असत, हे आठवीतल्या भाचीला सांगितल्यावर ती बराच वेळ तिथून हलेना.

मग मळ्याकडे वळलो. फोटोवाली गर्दी तिथे जवळजवळ संपते. झरीपाशी आम्ही आणि देवळातून उतरणारी दोन-चार माणसं, एवढेच. धाकट्या भाच्याने विचारलं, "कारंजं कुठाय?" त्याला उडणारं पाणी हवं होतं. मी त्याचा हात धरून जांभ्यावर टेकवला. दगड गार आणि ओला. पाऊस जाऊन किती दिवस झाले होते, तरी जांभ्याच्या एकेका भोकात पाण्याचा मणी होता. तो हळूहळू मोठा होतो, ओघळतो आणि त्याच भोकात दुसरा धरायला लागतो. खाली शेवाळ, शेवाळात काळ्या देठांची नाजूक नेच्याची पानं. भाचा एका भोकापुढे बसला आणि मणी सुटला की "गेला!" असं ओरडायचा. आईने त्याला सांगितलं की हा जूनचा पाऊस आहे, टेकडीने धरून ठेवलेला. त्याला ते पटलं आणि मग तो सगळ्यांना तेच सांगत सुटला.

एकच गोष्ट डाचली. पाण्यात कुणीतरी प्लॅस्टिकची बाटली आणि हारांचं निर्माल्य टाकलं होतं. भावाने काठीने बाटली ओढून काढली.

मला दोन गोष्टी हव्या आहेत. एक म्हणजे, तुम्ही पाहुण्यांना पणजी दाखवता तेव्हा या झरीचा समावेश करा. दुसरं, गोव्यातल्या अशा आणखी झरी, तळी, हौद सांगा, जिथे मुलांना नेता येईल. पुढच्या सुट्टीत हाच विषय धरून फिरायचं ठरलंय.

---

जाईजुई

वाचनखूण साठवली. आम्ही फेब्रुवारीत येतोय. सासूबाई (वय ७०, गुडघ्यांचा त्रास), मी, नवरा आणि पाच वर्षांचा मुलगा. फोंताईनसमध्ये गाडी आत नेता येते का? आणि चालणं साधारण किती पडतं?

---

पणजेकार

गाडी आत नेऊ नका. रस्ते इतके चिंचोळे आहेत की समोरून एक रिक्षा आली तरी दोघांचाही खोळंबा होतो, आणि जिथे जागा दिसते ती कुणाच्या तरी दाराची असते. पाटोला बहुमजली पार्किंग आहे, तिथे लावा. कदंब बसस्थानकावरून आलात तरी तेवढंच अंतर. रमतगमत दहा-पंधरा मिनिटांत फोंताईनस. सासूबाईंना मळ्यापर्यंत रिक्षाने आणून सोडा आणि तुम्ही चालत या, म्हणजे त्यांच्या गुडघ्यांना ताण नाही.

सकाळी नऊच्या आत या. दहानंतर बसगाड्यांनी येणारे गट सुरू होतात. फेब्रुवारीत मळ्याच्या मारुतीची जत्रा असते, तेवढे दिवस त्या भागात वाहन घालायचा विचारच करू नका. पण जत्रेला मात्र जरूर या. खाज्यांची दुकानं, फेरी, रोषणाईने उजळलेली टेकडी, मुलाला फार आवडेल.

---

रुआ_द_नाताल

मी फोंताईनसमध्येच राहते, सासर इथलं. मांडवीकाठ, तुम्ही झरीबद्दल लिहिलंत याचा मनापासून आनंद झाला. आमच्या सासूबाई सांगतात, त्यांच्या लहानपणी घरातल्या बायका आळीपाळीने पाण्याला जायच्या आणि गावातल्या सगळ्या बातम्या तिथे कळायच्या.

येणाऱ्या सगळ्यांना हात जोडून एक विनंती. ही लोकांची घरं आहेत. आमच्या पायरीवर बसून, खिडकीचं दार उघडून, गॅलरीचा कठडा धरून फोटो काढले जातात. लग्नाआधीच्या फोटोंसाठी कपड्यांच्या बॅगा घेऊन माणसं येतात आणि दारात कपडे बदलायला आडोसा मागतात. घरात आजारी माणूस असतं, दहावीचं पोर अभ्यास करत असतं. पाट्या लावून लावून शेजारचे थकले. तुम्ही चालत या, डोळे भरून बघा, मुलांना दाखवा, रस्त्यावरून फोटोही काढा. दाराशी जायचं असेल तर आधी विचारा. विचारणाऱ्याला इथे कुणी नाही म्हणत नाही, उलट आत बोलावून पाणी देतात.

---

सह्यकडा

मी गेल्या वर्षी गेलो होतो. स्पष्ट लिहितो, माझी निराशा झाली. "ऐतिहासिक कारंजं" असं कुठेतरी वाचलं होतं. प्रत्यक्षात जुनं बांधकाम आणि साठलेलं पाणी. बायको-मुलांना घेऊन उन्हात शोधत गेलो आणि पाच मिनिटांत परतलो. बाहेरगावच्या माणसाचा एकच दिवस हातात असेल तर त्याने इथे का जावं, हे कुणी सांगेल का? वाद घालायचा नाही, खरंच समजून घ्यायचंय.

---

मांडवीकाठ

सह्यकडा, तुमचा प्रश्न रास्त आहे. उडणाऱ्या पाण्याची अपेक्षा घेऊन गेलं तर निराशाच होणार. युरोपातली मोठी कारंजी शहराचं वैभव दाखवायला उभारलेली असतात, पुतळे, संगमरवर, दुरून नळाने आणलेलं पाणी. ही झर पाणी भरायची जागा आहे. तिचं मोल कळायला वरची टेकडी बघावी लागते.

पुढच्या खेपेला असं करा. आधी मारुतीच्या देवळाच्या पायऱ्या चढून वर आल्तिनोला जा. तिथे जुनी झाडं आहेत, आर्चबिशपांचा वाडा आहे (१९८६ साली पोप जॉन पॉल दुसरे गोव्यात आले तेव्हा तिथेच उतरले होते), आकाशवाणीचं केंद्र आहे, जुन्या लिसेवची (पोर्तुगीज काळातल्या शाळेची) इमारत आहे. वर सपाटी कशी आहे ते नीट बघा. मग खाली उतरून झरीवर या. वर पडलेला पाऊस खाली कसा येतो हे पायांनीच कळतं. आमच्या भाचीला शाळेच्या पुस्तकातलं भूजल तिथे कळलं.

यातलं शास्त्र माझ्यापेक्षा इथलं कुणीतरी चांगलं सांगू शकेल. कातळ, आहात का?

---

कातळ

आहे, वाचतोय. विषय माझ्या आवडीचा, त्यामुळे जरा लांबण लागेल.

आल्तिनोसारख्या टेकड्यांच्या माथ्यावर जांभा असतो. खाणीत ताजा फोडलेला चिरा बघितलाय का? अनारशासारखा जाळीदार. ही भोकं एकमेकांना आतून जोडलेली असतात, त्यात भेगाही असतात. गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. माथा उघडा असेल, वर झाडं आणि पालापाचोळा असेल, तर त्या पावसाचा चांगला वाटा जांभ्यात मुरतो.

जांभ्याच्या खाली चिकणमातीचा थर असतो. पांढुरका, कुठे गुलाबी-जांभळट. विहीर खणताना तो लागला की खणणाऱ्याच्या लगेच ध्यानात येतं. या मातीतून पाणी सहजी खाली उतरत नाही. मग ते तिच्या पाठीवरून आडवं सरकत जातं आणि टेकडीच्या उतारावर जिथे ही दोन थरांची सांध उघडी पडते तिथे बाहेर येतं. तीच झर. म्हणून गोव्यातल्या बहुतेक झरी टेकडीच्या कुशीत किंवा पायथ्याला सापडतात. जुन्या वस्त्याही तिथेच वसल्या.

पाणी आत हळू चालतं, त्यामुळे पाऊस थांबल्यावरही झर वाहत राहते. जुलैच्या पावसाचं पाणी पुढे किती महिने पुरेल हे टेकडी केवढी आहे, जांभ्याचा थर किती जाड आहे आणि वर काय बांधलंय यावर ठरतं. तुमच्या भाच्याला आईंनी जे सांगितलं ते अगदी बरोबर.

आता दुसरी बाजू. माथ्यावर डांबर, काँक्रीट, फरशी वाढली की मुरणारं पाणी कमी होतं. ते गटारातून धावत खाली येतं. मळा हा खोलगट भाग. तिथे मोठ्या पावसात पाणी तुंबतं आणि त्याच वेळी खाडीला भरती असेल तर निचराच होत नाही. टेकडीत न मुरलेलं पाणीही त्या तुंबण्यात भर घालतं. झर आटणं आणि रस्त्यात गुडघाभर पाणी होणं, दोन्ही दुखणी एकाच जागी सुरू होतात. म्हणून झर वाचवायची तर पायथ्याशी नुसती रंगरंगोटी पुरत नाही, माथा राखावा लागतो.

---

सह्यकडा

कातळ, फार आभार. आता पुन्हा जाईन, आणि या वेळी वरून खाली उतरेन. मुलगी दहावीला भूगोल करतेय, तिला तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला.

---

आईआजी

मुलं पाण्यात हात घालतातच. हे पाणी प्यायला चालतं का? आमच्या लहानपणी झरीचं पाणी औषधी म्हणून बाटल्या भरून आणायचे.

---

कातळ

शहरातल्या झरीचं पाणी पिऊ नका. वर दाट वस्ती असेल तर घरांच्या शोषखड्ड्यांतलं सांडपाणी त्याच जांभ्यातून झिरपत येऊ शकतं. जांभ्याच्या भेगा मोठ्या असतात, त्यातून येताना पाणी वाळूतल्यासारखं गाळलं जात नाही. पाणी नितळ दिसलं तरी त्यात जंतू असू शकतात. डोळ्यांना ते कळत नाही, प्रयोगशाळेतच कळतं. हात घातलेले चालतील, मग साबणाने धुवा. लहान मुलांना चूळही भरू देऊ नका.

औषधी म्हणाल तर काही झरींच्या पाण्यात खनिजं असतात आणि लोकांची श्रद्धाही असते. श्रद्धेचा मान ठेवू, पण लहान मुलांच्या पोटाची जोखीम घ्यायला नको.

---

जुनीपानं

धागा छान चाललाय. इतिहासाकडून थोडी भर घालतो, कारण फोंताईनसमध्ये फिरताना दोन-तीन चुकीच्या गोष्टी सर्रास ऐकायला मिळतात.

आधी वस्तीचं. ही जागा मुळात माडांची बाग. अठराव्या शतकाच्या अखेरीस आंतोनियो जुआंव द सिक्वेरा या जमीनदाराने इथे वस्ती सुरू केली. त्याने मोझांबिकमध्ये पैसा कमावला होता, म्हणून लोक त्याला 'मोसमीकार' म्हणत. तोवर जुनं गोवें रोगराईने ओस पडू लागलं होतं. १७५९ मध्ये व्हाइसरॉयने मुक्काम पणजीला हलवला आणि १८४३ मध्ये पणजी 'नोव्हा गोवा' म्हणून रीतसर राजधानी झाली. आल्तिनो आणि ओरेमची खाडी यांच्या मधल्या पट्ट्यात घरं उभी राहिली ती या काळात. पिण्याचं पाणी पायथ्याशीच मिळत होतं, हे त्यामागचं मोठं कारण.

दुसरं, ३१ जानेवारी रस्ता. पोर्तुगालला स्पेनपासून स्वातंत्र्य मिळालं तो हा दिवस, असं कित्येक वाटाडे सांगतात. स्पेनविरुद्धचा तो उठाव १ डिसेंबर १६४० चा. ३१ जानेवारी १८९१ ला पोर्तु शहरात राजेशाहीविरुद्ध प्रजासत्ताकवाद्यांचं बंड झालं होतं. पोर्तुगालमध्येही या तारखेचे रस्ते आहेत, ते त्या बंडाच्या स्मरणार्थ.

तिसरं, फोंताईनस युनेस्कोच्या यादीत आहे असं सर्रास छापून येतं. जागतिक वारसा यादीत १९८६ साली गेली ती जुन्या गोव्यातली चर्च आणि मठ. फोंताईनस त्या यादीत नाही. तरीही ते जपायलाच हवं, त्यासाठी कुठल्या यादीची गरज नाही.

आणि मांडवीकाठ, जुन्या गोव्याच्या पाण्याची गोष्ट तुमच्या भाचीला जरूर सांगा. ते शहर भरात असताना पिण्याचं उत्तम पाणी जवळच्या बायंगिणीच्या झरीचं मानलं जाई. १६०८ ते १६१० या काळात गोव्यात राहिलेल्या पिरार या फ्रेंच प्रवाशाने लिहून ठेवलंय की गुलाम तिथलं पाणी घागरींत भरून आणत आणि शहरात विकत. शहरातल्या विहिरी होत्या, पण दाटीवाटीच्या वस्तीत त्यांचं पाणी बिघडत गेलं. १५४३ साली तिथे पटकीची भयंकर साथ आली आणि पुढेही साथी येतच राहिल्या. एवढी श्रीमंती असलेलं शहर पाण्यापायी आणि रोगराईपायी रिकामं झालं. आज तिथे चर्चसमोरच्या हिरवळीवर उभं राहिलं की खरं वाटत नाही.

कातळ यांनी वर जांभ्यातून सांडपाणी झिरपण्याबद्दल लिहिलंय, त्याच्याशी हे ताडून बघा.

---

मांडवीकाठ

जुनीपानं, ३१ जानेवारीचं मला नवीन! रस्त्यावरची पाटी वाचून भाचीने विचारलं होतं, आज तिला फोनवर सांगते. बायंगिणीची गोष्टही.

---

सत्तरीकर

शहरातल्या झरींबद्दल वाचून आमच्या गावची झर आठवली. डोंगराच्या कुशीत आहे, कुळागराच्या (पोफळीच्या बागेच्या) वर. तिला दगडी कमान नाही, नाव नाही, पण आमच्या वाड्यावरची सगळी घरं आणि पोफळी तिच्यावर जगल्या.

पावसाळा सरला की झर उपसायचा दिवस ठरायचा. अजूनही ठरतो. आधी वाड्यावरचे जाणते राखणदाराला (जागेच्या रक्षक देवाला) नारळ ठेवतात आणि गाऱ्हाणं घालतात. मग घराटी एक माणूस खाली उतरतो. तोंडाशी साठलेला पाला, गाळ, वाहून आलेले दगड घमेल्यांनी काढायचे. गाळ काढताना पाणी आधी गढूळ होतं, लाल होतं, आणि अर्ध्या तासात तळाचे खडे मोजता येतील इतकं नितळ. त्या अर्ध्या तासात कुणी आत पाय घालायचा नाही, असा दंडक.

पाणी खाली आणायला पोफळीचं खोड उभं चिरून, आतला गर कोरून पन्हळ करायचो. एका पन्हळीचं तोंड दुसरीत, अशी ओळ कुळागरापर्यंत. सांध्यातून गळलेल्या पाण्यावर अळू वाढायचं. मे महिन्यात पाण्याच्या पाळ्या लागायच्या, कुणाच्या पोफळींना पहाटे, कुणाच्या दुपारी. पाळी चुकवून पाट फिरवला तर वर्षभर बोलणं बंद व्हायचं, इतकं ते गंभीर.

आता प्लॅस्टिकच्या नळ्या आल्या आहेत, पन्हळी राहिल्या नाहीत. पण उपसणी सुरू आहे. मुंबई-पुण्याला असलेली पोरं त्या दिवसासाठी येतात. यंदा माझी नात पहिल्यांदा घमेल्यांच्या रांगेत उभी राहिली.

मला एवढंच म्हणायचंय, पणजीच्या झरीचीही उपसणी व्हायला हवी. वर्षातून एक दिवस मळ्यातली, फोंताईनसमधली माणसं आणि हवे तर बाहेरचेही जमले तर ती बाटली आणि ते निर्माल्य तिथे दिसणार नाही. माणसाने हात लावलेल्या जागेत माणूस कचरा टाकत नाही.

---

रुआ_द_नाताल

सत्तरीकर, अंगावर काटा आला वाचताना. मी आमच्या वाड्यावर बोलते. आमच्याकडे सांजांवला, म्हणजे २४ जूनला, डोक्यावर पानाफुलांचं कोपेल घालून पोरं विहिरीत उड्या मारतात. त्याआधी विहिरीभोवतीची झाडी काढून ती साफ करून घेतात. म्हणजे पाण्याच्या जागेची सफाई सणाला जोडलेली आहेच. झरीसाठी पाऊस संपल्यावर असा एक दिवस ठरवणं अवघड नाही. दोन शेजारणींना आत्ताच विचारलं, दोघी तयार आहेत. झर सार्वजनिक जागेत येते, तेव्हा आधी परवानगीचं बघावं लागेल.

---

पणजेकार

परवानगीचं मी बघतो, अर्ज लिहायला मदत करतो. जुन्या बांधकामाला धक्का लागणार नाही, ब्रश-साबण-आम्ल काही वापरणार नाही, फक्त कचरा आणि गाळ, असं अर्जात स्पष्ट लिहू. शेवाळ आणि नेचे खरवडायचे नाहीत हेही.

---

कातळ

+१. चुना किंवा सिमेंट मारून भेगा "दुरुस्त" करायचा उत्साह कुणी दाखवला तर आधी थांबवा. पाणी त्या भेगांतूनच येतं.

---

कुळागर

मूळ प्रश्नाकडे येतो. मुलांना न्यायला आणखी जागा हव्या होत्या ना? माझ्या आवडीने सांगतो.

सगळ्यात आधी बांदोड्याचं नागेशीचं तळं. फोंड्याजवळ. माडांच्या सावलीत चौकोनी, पायऱ्यांचं, आणि पाणी बारमाही. देवळात १४१३ सालचा शिलालेख आहे, विजयनगरच्या काळातला. म्हणजे पोर्तुगीज यायच्या शंभर वर्षं आधी ही जागा नांदती होती. सभामंडपात वर बघायला मुलांना सांगा, लाकडात कोरलेली रामायणातली दृश्यं आहेत. आमची पोरं एकेक प्रसंग ओळखायची पैज लावतात. तळ्यात पाय घालायचे नाहीत, मासे बघायचे.

तिथून फोंड्यातली साफा मशीद अगदी जवळ. १५६० ची, आदिलशाही. शेजारी जांभ्यात बांधलेला मोठा हौद आहे, त्याच्या भिंतींत कमानी कोरल्या आहेत. देवळाचं तळं आणि मशिदीचा हौद एकाच सकाळी बघितले की दोन्हीकडच्या गवंड्यांनी तोच जांभा कसा हाताळलाय ते मुलांना दिसतं. फार सुंदर जागा आणि गर्दी नाही.

बार्देशात पोंबुर्प्याची झर आणि साळगावची झर, दोन्ही जुन्या काळापासून सहलीच्या जागा. वेर्ण्याजवळ केसरवाळची झर, मडगावच्या हमरस्त्यालगत. पावसाळ्यात तिथे पाण्याला चांगला जोर असतो, पण पायऱ्या शेवाळलेल्या असतात. लहान मुलांना घेऊन जायचं तर पाऊस गेल्यावरच जा. उन्हाळ्यात आंघोळीला पुरुषांची झुंबड उडते, कुटुंब असेल तर सकाळची वेळ धरा. पणजीतच दुसरी बघायची तर आल्तिनोच्या पायथ्याला बोका द वाकाची झर आहे, फोंत फिनिक्सच्याच सकाळी होऊन जाईल.

आणि डिचोलीकडे गेलात तर नार्व्याचं सप्तकोटेश्वर चुकवू नका. शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये ते देऊळ पुन्हा उभारलं, दारावर तसा लेख आहे. झरीचा विषय नाही हा, पण त्या वाटेने जाऊन महाराजांचा तो लेख मुलांना न दाखवता कसं यायचं?

---

मांडवीकाठ

कुळागर, माझं माहेर डिचोली, नार्वे म्हणजे घरचंच! नागेशी आणि साफा मशीद एका सकाळी जोडायचं मात्र कधी सुचलं नव्हतं. मे महिन्यात भाचरं येतील तेव्हा तेच करते. मे मध्ये फोंत फिनिक्सलाही पुन्हा नेणार आहे, उन्हाळ्याच्या टोकाला तो दगड किती ओला आहे ते भाच्याला बघायचंय. तसं त्याने वहीत लिहून ठेवलंय.

रुआ_द_नाताल, पणजेकार, उपसणीला मी नक्की येणार, भावालाही कळवलंय. तारीख ठरली की इथेच टाका.

---

जाईजुई

सगळ्यांचे आभार! आमचं असं ठरतंय: एक सकाळ पणजी, दुसरी सकाळ फोंडा. नागेशीच्या तळ्यापर्यंत सासूबाईंना उतरावं लागेल का? आणि देवळात कपड्यांचे काही नियम आहेत का?

---

कुळागर

उतरायची गरज नाही. तळं देवळासमोरच आहे, काठावर उभं राहून सगळं दिसतं. गाडी बरीच जवळ जाते. कपडे अंग झाकणारे असावेत, अर्ध्या चड्डीत आत सोडत नाहीत, पाच वर्षांच्या मुलाची हरकत नाही. मशिदीतही डोक्यावर ओढणी आणि पूर्ण बाह्या बऱ्या. शुक्रवारी दुपारची नमाजाची वेळ टाळा. दुपारचं जेवण फोंड्यातच उरका, शाकाहारी खाणावळीत खतखतं मिळालं तर सासूबाईंना नक्की खायला घाला.